तेवीस नंबरची खूण

सगळ्यात आधी एक सांगून टाकते, म्हणजे मागाहून कोणी मला धारेवर धरायला नको. तेवीस नंबरची खूण मीच केली होती. माझ्या हाताने, माझ्या ब्रशने, पांढऱ्या रंगात, चांगली ठसठशीत फुली. दुसऱ्या कोणाच्या माथी मारायचा प्रश्नच नाही.

आता ती फुली म्हणजे काय ते सांगते. नदीच्या वळणावर आमचं उद्यान आहे, ते सगळंच्या सगळं लाव्ह्याचं. कोट्यवधी वर्षांपूर्वी जमीन फाटली, तापलेला रस वाहत आला, थरावर थर साचले, निवले, आणि मग नदीने त्यातून आपली वाट कोरून काढली. काठावर काळे षटकोनी स्तंभ उभे आहेत, इतके सरळ की येणारा प्रत्येक जण विचारतो, हे कोणी बसवले? मी म्हणते, कोणी नाही बाबांनो, निवता निवता आपले आपणच तडकले. पुढे खडकावर दोरखंडासारख्या वळ्या पडल्यात. त्याच्या पलीकडे रांजणखळगे, पाण्याने वर्षानुवर्षं गोटे गरागरा फिरवून पाडलेले. त्यातल्या एकात मी उतरले तर बाहेरून फक्त माझा अंबाडा दिसेल. पूर्वी इथे दगडाची खाण होती. माझे वडील, आम्ही त्यांना आबा म्हणतो, चाळीस वर्षं त्या खाणीत होते. खाण बंद पडली, उद्यान झालं आणि मी उद्यानात कामाला लागले. मला तिथे सगळे खुणाबाई म्हणतात.

कारण खुणा करणं हेच माझं काम. खडकावरून थेट पाण्यापर्यंत एक लोखंडी पायवाट होतेय, चोवीस खांबांवर. प्रत्येक खांब बसवण्याआधी तिथला खडक ठोकून बघायचा. ठोस असेल तर आवाज खणखणीत येतो आणि लगेच तुटतो. आत पोकळी असेल तर आवाज बसका येतो, नाहीतर त्याच्यामागे एक बारीकसं शेपूट रेंगाळतं. ठोस तिथे पांढरी फुली, पोकळ तिथे लाल गोल. आमच्या इंजिनिअरबाईंनी तपासायला एक मशीनही आणलं होतं. पण या खडकात इतके थर आणि इतके बुडबुडे, की ते मशीन जिकडे तिकडे एकच चित्र दाखवायचं. शेवटी बाई वैतागल्या आणि म्हणाल्या, "खुणाबाई, तुम्हीच ठोका. तुमची फुली पडली की मी ड्रिल लावते." खाणवाल्याच्या घरातल्या बाईच्या फुलीवर इंजिनिअर खांब उभा करणार! मी चार दिवस जमिनीवर नव्हते.

ठोकायची खाणवाल्यांची एक पद्धत आहे. एकाने ठोकायचं आणि दुसऱ्याने ऐकायचं. एकट्याने ठोकायचं नाही म्हणजे नाही, कारण ठोकणाऱ्याला जे हवं असतं तेच त्याला ऐकू येतं, असं आबा म्हणायचे. खाणीत ऐकणाऱ्याचा शब्द शेवटचा. त्याने मान आडवी हलवली की मुकादमसुद्धा मागे सरायचा. आबा आमच्या खाणीतले ऐकणारे होते. गेल्या वर्षी पायवाटेचं काम निघाल्यावर ते न बोलावता रोज यायला लागले, आणि नको म्हणायची कोणाची टाप होती! मी ठोकायची, ते समोर उकिडवे बसून ऐकायचे आणि मान हलवायचे. असे वीस खांब केले. नऊ नंबर आणि सोळा नंबर त्यांनी पोकळ ठरवले, तिथे मी लाल गोल काढले आणि खांब बाजूला सरकवले. खोदून बघितलं तर दोन्हीकडे आत भेग. बाई बघतच राहिल्या.

आणि मग तो ट्रकचा दिवस आला. खांब घेऊन आलेला ट्रक मागे येत होता, टुई टुई टुई करत. सगळे बाजूला झाले. आबा मात्र पाठ करून तसेच उभे. टुई टुई चाललंय, लोक ओरडतायत, आणि हे आपले स्तंभांकडे बघतायत! ड्रायव्हरने ब्रेक मारला तेव्हा त्यांच्या पाठीत आणि ट्रकमध्ये वीतभर जागा होती. माझं काळीज तोंडात आलं, आणि तोंडात काळीज आलं की माझ्या तोंडून बरं काही निघत नाही. चारचौघांत ओरडले, "आबा, तुम्हाला ऐकू येत नाही आता! ऐकणारे म्हणे! उद्यापासून घरी बसा!"

आबांनी चपला झटकल्या आणि चालू पडले. दुसऱ्या दिवसापासून आलेच नाहीत. घरात माझ्याशी बोलणं म्हणजे "दार लाव" आणि "दिवा घालव", एवढंच. बारा दिवस. मी तरी कुठे कमी? मीही तोंड फुगवून बसले. एकवीस ते चोवीस मी एकटीने ठोकले, एकटीने ऐकले आणि चार फुल्या मारून मोकळी झाले.

तर आता त्या सकाळकडे येते.

एकवीस नंबरवर ड्रिल सुरू झालं होतं. ड्रिलचं मशीन म्हणजे पट्ट्यांवर चालणारं सात टनांचं धूड. ते चालवणाऱ्याला आम्ही फटाफट म्हणतो, कारण त्याला प्रत्येक गोष्ट फटाफट हवी. शुक्रवारी पायवाट उघडायची होती, म्हणून बाईही घायकुतीला आलेल्या. आणि बघते तर काय, वरच्या वाटेने आबा येतायत! हातात माझा डबा. मी डबा विसरले होते हे खरं, पण माझा डबा पोचवायला आबा आयुष्यात कधी आले नव्हते. मी मनातल्या मनात हसले. म्हटलं, चला, म्हातारा विरघळला.

कसला विरघळतोय! डबा माझ्या हातात कोंबला आणि पाठ फिरवली. वळ्यांच्या खडकावर जाऊन बसले, खडा गेला म्हणून चपला काढल्या आणि पाय खाली टेकले. तसेच थांबले. मग उठले, अनवाणीच चार पावलं चालले, थांबले, परत चार पावलं. पाण्यात पाय घालून अंदाज घ्यावा तसे. मला वाटलं, झालं, आता गुडघा धरला असणार.

ते तेवीस नंबरच्या फुलीवर जाऊन उभे राहिले आणि मला हाताने बोलावलं. बारा दिवसांत पहिल्यांदा.

"ही कोणी केली?"

"मी केली. दुसरं कोण करणार?"

"ऐकलं कोणी?"

मी डबा या हातातून त्या हातात घेतला.

"पुसून टाक. खाली पोकळ आहे."

अहो, माझ्या डोक्यात अशी तिडीक गेली! बारा दिवस तोंड वळवून बसायचं आणि सतराजणांसमोर येऊन माझी फुली पुसायला सांगायची! मी म्हटलं, "आबा, ठोकलं नाहीत, ऐकलं नाहीत, नुसते उभे राहिलात आणि पोकळ?"

"तिकडे ड्रिल चालतंय ना? एकवीसवर उभं राहिलं तर पाय नुसते गुणगुणतात. बाविसावर त्याहून कमी. आणि इथे परत जास्त. लांब गेल्यावर कमी व्हायला हवं की जास्त? सांग की!"

मीही चपला काढल्या. पाय टेकले. खरं सांगायचं तर मला काही कळलं नाही. रागात माणसाला पायातलं काय कळणार! तेवढ्यात ड्रिल बंद झालं. एकवीसचं भोक झालं होतं. बाविसावर दुसरी तुकडी हाताने काम करणार होती, म्हणजे मशीनचा पुढचा नंबर तेवीस. फटाफटने हात हलवला आणि मशीन खडखडत आमच्याकडे वळलं. चाळीस पावलांचं अंतर, फार तर.

आता माझ्या तोंडचं पाणी पळालं. थांबवावं तर शुक्रवार बोंबलला, आणि माझी फुलीही गेली. पुन्हा कोण ठेवणार माझ्या खुणेवर भरवसा? खाणवाल्यांतल्या एकीला ब्रश दिला, तिने घोळ घातला, हे आयुष्यभर ऐकायचं. आणि नाही थांबवलं, आणि आबा खरे असले, तर सात टनांचं मशीन आणि त्यावर बसलेला फटाफट, दोन्ही खाली.

"हातोडा आण," आबा म्हणाले. मी आणला आणि सवयीने उगारला, तर त्यांनी तो माझ्या हातातून काढून घेतला. "आज मी ठोकतो. तू ऐक."

असं कधीच झालं नव्हतं. आबा ठोकणार आणि मी ऐकणार? पण वाद घालायला वेळ कुठे होता! मी खडकावर पालथी पडले, माझ्याच फुलीवर कान ठेवला. ओला रंग नव्हता हे नशीब.

आबांनी ठोकलं.

खण्ण! आणि मग शेपूट. बारीक, लांब, खाली खाली जाणारं शेपूट. कुठेतरी खाली आपटलं आणि परत वर आलं! माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. भीतीने म्हणाल तर भीतीने, पण खरं सांगू, आनंदानेही. इतकं मोठं, इतकं खोल मी आयुष्यात ऐकलं नव्हतं. भेग नव्हती ती. खाली खोलीच्या खोली होती!

"पोकळ!" मी ओरडले. "आबा, पोकळ! अहो, केवढं पोकळ!"

मान वर केली तर मशीन पंधरा पावलांवर. मी उठले, पदर खोचला आणि दोन्ही हात पसरून धावत सुटले. "थांबव! अरे थांबव! मेल्या, थांबव ते!" फटाफटला वाटलं, मी गंमत करतेय. तो हसत हात हलवत पुढे! मी सरळ मशीनसमोर जाऊन उभी राहिले. तेव्हा कुठे त्याने ब्रेक लावला आणि खिडकीतून डोकं काढून म्हणाला, "खुणाबाई, वेड लागलं का? उशीर होतोय!"

"उशीर झाला तर चालेल, तू खाली गेलास तर नाही चालणार! मागे घे आधी. बोलू नंतर."

त्याने माझा चेहरा बघितला आणि पहिल्यांदाच फटाफट मागे गेला. माझा जीव भांड्यात पडला. बाई धावत आल्या. "काय झालं? कोणाची चूक?"

"माझी," मी म्हटलं. "तेवीस नंबर मी एकटीने ठोकला. एकटीने ठोकायचा नसतो. खाली पोकळ आहे, आणि आबांनी पकडलंय."

बाईंच्या चेहऱ्यावरून मला वाटलं, आता माझा ब्रश गेला. पण त्या म्हणाल्या, "दाखवा." हाताने चालवायचं छोटं ड्रिल मागवलं. लांबून, फळीवर झोपून, मुठीएवढं भोक पाडायला घेतलं. एक हात गेलं. दीड हात गेलं. दोन हात झाले आणि ड्रिल एकदम भसकन आत गेलं! बाईंनी ते बाहेर ओढलं आणि त्या भोकातून गार वारा आला. हो, वारा! शिट्टी वाजवत! बाईंच्या कपाळावरची बट उडत होती.

त्यानंतर जे झालं त्याला कामाचा दिवस कोण म्हणणार! बाईंनी आपला मोबाइल दोरीला बांधला, टॉर्च लावला, रेकॉर्डिंग सुरू केलं आणि भोकातून खाली सोडला. वर काढला तेव्हा आम्ही सगळे एकमेकांच्या डोक्यावर डोकी ठेवून बघत होतो. आधी काळं. मग फिरतं काळं. मग एक भिंत, गोल, गुळगुळीत, तिच्यावरून मेणबत्तीसारखे ओघळ उतरलेले. खाली जमिनीवर दोरखंडाच्या वळ्या, पण कशा! वर आमच्या वळ्या पायांनी आणि पावसाने झिजलेल्या, त्या खालच्या अगदी कालच ओतल्यासारख्या.

"लाव्ह्याचा बोगदा आहे हा," बाई म्हणाल्या आणि चक्क उड्या मारायला लागल्या. एवढ्या शिस्तीच्या बाई! मग आम्हाला समजावलं. वाहता लाव्हा वरून आधी निवतो, दुधावर साय धरते तसा. आतला मात्र तापलेला असतो, तो वाहत राहतो, आणि मागून पुरवठा संपला की पुढे निघून जातो. मागे राहते ती नुसती नळी.

"म्हणजे आपण सायीवर सात टन चढवत होतो?" फटाफटने विचारलं आणि तिथेच बसला.

वारा आला म्हणजे दुसरं तोंड कुठेतरी असणारच. आबांनी नदीच्या उताराकडे बोट दाखवलं. तिथे खाणीच्या वेळचा निरुपयोगी दगडांचा ढीग होता, वेलींनी झाकलेला. "तो ढीग आम्हीच टाकला. टाकू तेवढे दगड गिळायचा. आम्ही म्हणायचो, काय खादाड उतार आहे!" चाळीस वर्षं यांनी बोगद्याच्या तोंडात दगड भरले आणि एकालाही शंका आली नाही! मी हसून हसून लोळायची बाकी होते.

मग साखळी केली. बाई, फटाफट, मी, खांबवाले, झाडूवाले, सगळे. दगड हातातून हातात. दोन तासांत माणूस वाकून जाईल एवढं तोंड उघडलं. बाईंनी हेल्मेटं वाटली आणि तेवीस नंबरच्या छपराखाली जायचं नाही, अशी ताकीद दिली. आम्ही आत शिरलो. काय सांगू! बाहेर ऊन आणि आत अंगावर शहारा. टॉर्च फिरवला की ओघळ चमकायचे. फटाफटने "ओ" दिली, तर बोगद्याने सात वेळा परत दिली. झालं, मग प्रत्येकाला "ओ" द्यायची होती. मी तर माझंच नाव ओरडले आणि लाजले.

आबा मात्र काही ओरडले नाहीत. भिंतीला हात लावून उभे होते, हसत. मी त्यांच्याजवळ गेले आणि म्हटलं, "आबा, त्या दिवशी चुकलं माझं. ट्रकच्या दिवशी. तसं बोलायला नको होतं."

"खरं तेच बोललीस," ते म्हणाले.

मला वाटलं टोमणा. बाहेर आलो तेव्हा बाई वही उघडून बसल्या होत्या. "पायवाट आता बोगदा चुकवून जाईल. शुक्रवार विसरा. सगळे चोवीस खांब पुन्हा तपासायचे, खाणीच्या पद्धतीने, दोघांनी. आजोबा, तुम्ही ऐकाल ना?"

"नाही. मला ऐकू येत नाही."

सगळे हसले. मी म्हटलं, "आबा, पुरे आता. माफी मागितली ना मी?"

"अगं, चेष्टा नाही करत. तुझं बोलणं कळतं, मोठं बोलतेस म्हणून. दगडाचा तो बारीक आवाज जाऊन वर्ष झालं. तो ट्रक वाजत होता म्हणतात, माझ्यापर्यंत काही पोचलंच नाही." ते खडकावर टेकले. "ऐकणाऱ्याने हे सांगायचं कसं? नाही सांगितलं."

माझ्या पायाखालची जमीन गेली, आणि या वेळी बोगद्याचा संबंध नव्हता. "मग पहिले वीस खांब? तुम्ही मान हलवायचात ती कशावर?"

"तुझ्यावर."

"म्हणजे?"

"मी दगडाकडे बघतच नव्हतो. तुझ्या तोंडाकडे बघत होतो. ठोस असला की तू पुढच्या ठोक्याला हात उचलतेस. पोकळ असला की तुझी डावी भुवई अशी वर उडते, तुला कळायच्या आधी. नऊला उडाली. सोळाला उडाली. मी मान आडवी हलवली."

मी तेवीस नंबर आठवला. दिवस मावळत होता, बाई गाडीपाशी थांबल्या होत्या. मी ठोकलं होतं आणि शेपूट आलं होतं. खरंच आलं होतं, बारीकसं. मी स्वतःला म्हटलं, नदीचा आवाज असेल. आणि फुली मारली.

"मग तेवीसला?" मी विचारलं. "तेवीसला माझी भुवई नाही उडाली?"

"उडाली असणार की. बघायला कोणी नव्हतं," आबा म्हणाले.

मला रडू फुटलं. सगळ्यांसमोर, हेल्मेट घालून, हमसून हमसून. बारा दिवसांपूर्वी ज्याला ऐकू येत नाही म्हणून मी हाकललं, तो वर्षभर माझ्याच कानांवर भरवसा ठेवून बसला होता. आणि मी नव्हता ठेवला. आबांनी पाठीवर थोपटलं आणि म्हणाले, "पुरे गं, हेल्मेटात पाणी साचेल."

बाईंनी वही पुढे ओढून विचारलं, "मग ऐकणारा म्हणून कोणाचं नाव लिहू?"

मी तोंड उघडायच्या आत आबांनी माझ्याकडे बोट केलं. "हिचं लिहा. गेलं वर्षभर हीच ऐकतेय."

मी डोळे पुसले, हातोडा त्यांच्या हातात दिला आणि एक नंबरच्या फुलीपाशी जाऊन उकिडवी बसले.